एका गड्ड्याची मुसळी

सातपुड्याच्या पायथ्याशी तात्यांची सफेद मुसळी होती. या झाडाला शास्त्रीय नाव मिळालं १९५५ साली, तेही बोरिवलीच्या रानावरून. वरच्या पाड्यातल्या बायका मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून पहिल्या पावसात तिच्या कोवळ्या पाल्याची भाजी करत आल्या होत्या.

बेण्याच्या बाबतीत तात्या फार काटेकोर. पहिल्या वर्षी भरदार, जाड मुळ्यांचा एक गड्डा हाती लागला. तेव्हापासून दरवर्षी त्याचंच बेणं. मुळी वेगळी करायची, देठाकडचा डोळा तिच्यासोबत राहील एवढं बघायचं आणि गादीवाफ्यावर लावायची. बी ते धरतच नसत. बी उगवतं थोडं, आणि उगवलेलं कसं निपजेल याचा भरवसा नाही. बारा वर्षांत शेत असं एकसारखं झालं, की बघणारे म्हणत, साच्यातून काढलंय जणू.

एकदा विद्यापीठातली एक मुलगी आली. शेतातली तीस पानं आणि डोंगरातली तीस पानं घेऊन गेली. परतली ती डीएनएचे फोटो घेऊन. काळ्या पाटीवर उजळ रेघांच्या शिड्या. शेतातल्या तीसही शिड्यांच्या पायऱ्या एकाच उंचीवर. रानातली एक शिडी दुसरीशी जुळेना.

"तात्या, तुमच्याकडे हजारो रोपं नाहीत. एकच रोप आहे, हजारो वेळा लावलेलं."

"म्हणजे बेणं शुद्ध!" तात्या खूश झाले. मुलगी गप्प बसली. बसायला नको होतं.

पुढच्या श्रावणात पाऊस उघडलाच नाही. एका वाफ्यात मूळकूज लागली आणि ती कुठे अडलीच नाही. उपटलेली मुळी बोटांत साबणासारखी विरघळायची.

दिवाळीनंतर तात्या पाड्यावरच्या एका आजीकडे गेले. आजी फुलांच्या दिवसांत झाडापाशी दगड ठेवायची. बी झडून पाला वाळला, की त्या खुणेवर खणायची. व्यापाऱ्याची माणसं हिरव्यातच खणून नेत. त्यामुळे दोन उतार आता रिकामे पडले होते.

"आजी, जाड मुळ्यांचा गड्डा दे."

आजीने सात ठिकाणी खणलं. तात्या टोपलीतून बारीक मुळ्या बाजूला काढू लागले. आजीने त्या उचलून परत टोपलीत टाकल्या.

"ही नाल्याकाठची आहे, दादा. यंदा महिनाभर पाण्यात उभी होती."