‘सा’सुद्धा खुपतो तेव्हा

सोलो वाजवताना गिटारवादक खोटं बोलू शकतो का? शब्दच नाहीत तर खोटं कसलं, असं वाटेल. पण इम्प्रोव्हायझेशन हा एक दावा असतो: मला आत्ता, तुमच्यासमोर जे सुचतंय तेच मी वाजवतोय. प्रत्यक्षात बोटं वर्षानुवर्षं घोटलेली स्केल्स आणि आर्पेजिओच वाजवत असतात. मग हा दावा खरा कसा मानायचा?

यवतमाळात राहून मी जॅझ फ्यूजन शिकतो ते मोबाइलवरून. जॉन मॅक्लॉफ्लिन माझ्या खिशात असतो. 1969 साली ध्वनिमुद्रित झालेल्या माइल्स डेव्हिसच्या ‘बिचेस ब्रू’मध्ये गिटार वाजवणारा, पुढे झाकीर हुसेन, एल. शंकर आणि विनायकराम यांच्यासोबत ‘शक्ती’ उभी करणारा. त्याच्या जागा मी ऐकून ऐकून बसवतो आणि त्या माझ्या वाजवण्यात येतात. ही चोरी का?

हा प्रश्न आपल्याकडे रंगभूमीवर येऊन गेलाय. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं ‘कट्यार काळजात घुसली’ 1967 साली आलं. त्यात खाँसाहेब झालेले वसंतराव देशपांडे मूर्तिजापूरचे, म्हणजे यवतमाळहून आमची ‘शकुंतला’ जिथे जायची त्या गावचे. घराण्याची गायकी कुणाची, जो त्यात जन्मला त्याची की ज्याने जीव लावून ती कमावली त्याची, यावर ते सगळं नाटक उभं आहे. मला वाटतं, घेण्यात पाप नाही. आपण बोलतो तो प्रत्येक शब्द कुणाकडून तरी घेतलेलाच असतो. सूर आले कुठून यापेक्षा ते आत्ता का वाजले, हे विचारायला हवं.

एक साधं उदाहरण घेऊ. जॅझमधल्या सगळ्यात वापरल्या जाणाऱ्या कॉर्ड्सपैकी दोन: डी मायनर सेव्हन आणि तिच्यामागून येणारी जी सेव्हन. सी म्हणजे ‘सा’ धरला, तर पहिलीचा आर्पेजिओ होतो रे-म-ध-सा आणि दुसरीचा प-नी-रे-म. दोन्हींसाठी स्केल एकच, सगळे शुद्ध स्वर. स्केल फक्त सांगतं की कुठले सूर घरचे आहेत. आर्पेजिओ सांगतो की या घटकेला त्यातल्या कुणाची गरज आहे. पहिल्या कॉर्डवर ‘सा’ गोड लागतो. कॉर्ड बदलली की तोच ‘सा’ खाली ‘नी’वर उतरायला हवा. जाता जाता लागला तर चालतो, पण त्यावरच ठाण मांडलं तर खालच्या ‘नी’शी घासून खुपतो.

रागसंगीतात तानपुरा वाजत असतो, ‘सा’ हलत नाही. वाटेल तितकं भटका, तो घरी वाट बघत असतो. इथे मात्र पायाखालची जमीनच सरकते. ज्याच्याबद्दल कधी शंका आली नाही तो सूरही चुकीच्या वेळी चुकीचा ठरतो.

याची उलट बाजूही आहे. पियानोवादक हर्बी हॅन्कॉक एक आठवण सांगत आलाय. 1960च्या दशकातल्या एका कार्यक्रमात माइल्स डेव्हिसचा सोलो चालू असताना त्याच्याकडून साफ चुकीची कॉर्ड पडली. माइल्स क्षणभर थांबला आणि त्याने असे सूर वाजवले की ती कॉर्ड बरोबर वाटू लागली. हॅन्कॉकच्या मते, माइल्सने ती चूक म्हणून ऐकलीच नाही, घडलेली गोष्ट म्हणून ऐकली. त्या सुरांमध्ये नवं काही नसेलही. नवं होतं ते ऐकणं.

म्हणून मला वाटतं, सोलोचा प्रामाणिकपणा कानात असतो. ठरवून बसवलेला सोलोही सुंदर असू शकतो, ठरवलेला आहे असं मोकळेपणाने म्हटलं की झालं. खोटेपणा सुरू होतो तो सोबतच्याची कॉर्ड बदललेली ऐकू येऊनही पाठ केलेलंच रेटत राहण्यात. बॅकिंग ट्रॅकवर हे लपून जातं, कारण तो ट्रॅक मला कधीच उत्तर देत नाही. खंजिरी भजनात लपत नाही. तिथे झिलकऱ्यांनी लय वाढवली की म्हणणाऱ्याला लगेच सावरून घ्यावं लागतं.

हे गिटारपुरतंच असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. आमचा जिल्हा कापसाचा. हंगाम बुडाला की ज्या घरांत जायला पाय उचलत नाही, अशी घरं इथे प्रत्येकाने पाहिली आहेत. तिथे बोलायची वाक्यं सगळ्यांना पाठ असतात: धीर धरा, देवाची मर्जी, होईल सगळं नीट. ही वाक्यं वाईट नाहीत. ती आपल्या भाषेतले ‘सा’ आहेत, सगळ्यात सुरक्षित. पण समोरची बाई कर्जाच्या हप्त्याबद्दल बोलत असते आणि आपण देवाच्या मर्जीवर ठाण मांडून बसतो, तेव्हा ते वाक्य खुपतं. तिची कॉर्ड बदललेली असते.

मग रियाज कशाला? याचसाठी. बोटांकडे बघावं लागू नये, म्हणजे कान मोकळे राहतात. स्केल्स घोटायची ती हवं ते वाजवण्याची मुभा मिळावी म्हणून नाही. समोरचा काय वाजवतोय ते ऐकून, आपल्याला आवडणारा सूरही सोडता यावा म्हणून.