हत्तींचं स्मशान कुणाला हवं होतं?

मरण जवळ आलं की म्हातारा हत्ती कळप सोडून एका गुप्त जागी जातो, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. विज्ञानाला अशी जागा सापडलेली नाही. हत्तीला आयुष्यात दाढांचे ६ संच येतात. साठीच्या आसपास शेवटचा संच झिजला की कडक चारा चावता येत नाही. मग तो पाण्याकाठच्या मऊ गवताकडे वळतो आणि बरेचदा तिथेच मरतो. हाडं साचतात. म्हणजे तो तिथे मरायला नाही, जेवायला गेलेला असतो.

मग दंतकथा टिकली का? मला वाटतं, तिच्यात माणसाची सोय आहे. सिंदबादच्या सातव्या सफरीच्या एका पाठात शिकारी सिंदबादला हत्तीच हाडांच्या ढिगापाशी नेऊन सोडतात. हवे तेवढे सुळे घे, आम्हाला मारू नकोस! लोभ शाबूत आणि हात स्वच्छ.

केनियातल्या आंबोसेलीत झालेला एक प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. गेंडा किंवा रानम्हशीच्या कवटीपेक्षा हत्तींनी हत्तीची कवटी जास्त हुंगली, चाचपली. सुळ्यांपाशी तर ते फारच रेंगाळले. पण स्वतःच्या कळपातल्या मेलेल्या म्होरकीची कवटी त्यांनी वेगळी काढली नाही. काहींचा यानं हिरमोड होईल. मला मात्र नात्यातलं कोण हे न बघता हाडापाशी थांबणं मोठं वाटतं.

ज्या सुळ्यांसाठी आपण फुकटचं स्मशान कल्पिलं, तेच हत्ती सोंडेनं चाचपतात. त्यांच्या लेखी तो माल नसतो, एवढं नक्की.