माळ्यावरची पत्रं

पुण्याच्या नारायण पेठेतला केसरीवाडा म्हटलं की आपल्याला अग्रलेख आठवतात, गणपती आठवतो. तिथल्या टिळक संग्रहालयात लोकमान्यांची पत्रंही आहेत. 1908 ते 1914 ही वर्षं टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. घराशी संबंध उरला तो मोजक्या पत्रांचा, तीही अधिकाऱ्यांच्या नजरेखालून जाणारी. भाचे धोंडोपंत विद्वांस यांना ते लिहीत. त्यात हवी असलेली पुस्तकं येत, घरचे व्यवहार येत, मुलांच्या अभ्यासाची चौकशी येई. 1912 मध्ये पत्नी सत्यभामाबाई गेल्या, ती बातमीही त्यांना तिथंच कळली. असंतोषाचा जनक आपण पाठ केला. मुलांच्या अभ्यासाची काळजी करणारा बाप मात्र या कागदांतच भेटतो.

हे कागद कुणीतरी जपले म्हणून. इतिहासाचार्य राजवाडेही असेच कागद जपायला जुन्या घराण्यांची दप्तरं शोधत गावोगाव हिंडले, 1898 पासून त्या कागदांचे खंड छापू लागले. याच कामासाठी शेजारच्या सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं ते 1910 मध्ये.

आता तर पेठांतले वाडे पडतायत. माळा रिकामा करताना पहिली रवानगी रद्दीत होते ती पत्रांचीच, तांब्या-पितळेची भांडी मात्र मोजून वाटली जातात! आजीचं पोस्टकार्ड सापडलं, तर कुणी कुणाला लिहिलं ते वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं टिपून ठेवा. गंजलेल्या टाचण्या हळूच काढा. आणि लॅमिनेशन मुळीच करू नका.