लहर आणि पालट

आषाढात शिवथरच्या घळीत जाऊन बसले म्हणजे प्रथम काही वेळ धबधब्याच्या घोषाखेरीज दुसरे काही ऐकू येत नाही. शेजारच्याशी बोलायचे तर त्याच्या कानाशी तोंड न्यावे लागते. परंतु अर्धाएक तास लोटला की तो घोष जणू विरून जातो, आणि मग वर कड्यावर एखादी सर कोसळून प्रवाह किंचित फुगला, तरी तेवढा फरक मात्र कानाला तत्क्षणी कळतो.

संख्याशास्त्रज्ञांचे परिसंवाद व कार्यशाळा आज ज्या प्रश्नावर भरतात तो याच जातीचा आहे. आकड्यांच्या अखंड ओघात नित्याची चढउतार कोणती, एखाद्या दिवसाची विसंगती कोणती, आणि मूळ स्थितीच पालटली असे केव्हा म्हणावे? जेथे समर्थांनी सांगितलेला दासबोध कल्याणस्वामींनी लिहून घेतला असे परंपरा मानते, त्या या घळीत हा प्रश्न केवळ गणिताचा राहत नाही. ७,७५१ ओव्यांच्या त्या ग्रंथात चंचळ आणि निश्चळ ही जोडी वारंवार येते. समर्थांचे निश्चळ म्हणजे परब्रह्म. पर्जन्याच्या सरासरीला ते नाव देणे हा प्रमादच होईल, कारण सरासरीही चंचळच. मग ज्याच्या तुलनेने पालट ओळखायचा तो आधारच जर हलता असेल, तर आपण पाय कोठे रोवावेत?

आपल्या दर्शनकारांनी या प्रश्नाची दोन टोके फार पूर्वीच गाठली होती. नैयायिकाच्या दृष्टीने व्याप्तीला एक जरी अपवाद सापडला तरी हेतू सव्यभिचार ठरतो. उलट क्षणिकवादी बौद्धाला सारेच प्रतिक्षणी नवे, त्यामुळे ‘आज काही पालटले’ या वाक्याला त्याच्याकडे वेगळे वजन उरत नाही. इंग्लंडमधील ई. एस. पेज यांनी १९५४ साली मांडलेली संचित बेरजेची रीत या दोहोंमधून वाट काढते. अपेक्षेहून रोज जेवढा फरक पडेल तेवढा मागील बेरजेत मिळवीत जायचे; आजची वाढ उद्याच्या घटीने फिटली तर ती लहर होय, पण फरक दिवसेंदिवस एकाच बाजूला साचत जाऊन ठरविलेली मर्यादा ओलांडू लागला, तर पालट झाला असे मानायचे.

परंतु ती मर्यादा कोणी ठरवायची? ती खाली ठेवली तर खोटे इशारे वाढतात, वर ठेवली तर खरा इशारा उशिरा येतो. दोन्ही दोष एकदम नाहीसे करणारे सूत्र नाही. म्हणून मर्यादेची ती रेघ आखणे हे मला धर्मकृत्य वाटते. कोणती चूक आपण पत्करावी, आणि तिचा भार कोणाच्या शिरावर पडावा, याचा तो निवाडा असतो.

घाईने पालट मानण्यातही अनर्थ आहे. १९२६ साली ओरिसात ब्राह्मणी नदीला महापूर आला, तेव्हा नदीचे पात्रच उंचावले आहे असे ठरवून तज्ज्ञ अभियंत्यांनी बांध वाढविण्याची शिफारस केली होती. प्रशांतचंद्र महालनोबिसांनी सुमारे ६० वर्षांचे दप्तर तपासले आणि पात्र उंचावलेलेच नाही असे दाखवून दिले. एका भयंकर वर्षाने जाणत्यांची दृष्टीही फिरविली होती. ती ताळ्यावर आणली ती कोणा अज्ञात कारकुनांनी वर्षानुवर्षे इमानाने लिहिलेल्या आकड्यांनी.

आमच्या खोऱ्यात मात्र दुसऱ्या चुकीचे दुःख अधिक आहे. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातील दासगाव व जुई येथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी याच तालुक्यातील तळीये गावावर डोंगर घसरला आणि ८० हून अधिक माणसे गेली. सह्याद्रीच्या कुशीत अतिवृष्टी ही नित्याचीच, आणि नेमके हे नित्यपणच घातक असते: घळीत घोष ऐकू येईनासा व्हावा तसे संकटही अंगवळणी पडते. तरीही, म्हाताऱ्यांना व लेकरांना घेऊन भर पावसात जो इशारा मिळताच तीनदा शाळेच्या इमारतीत जाऊन निजला आणि तिन्ही वेळा काही न घडता परतला, तो चौथ्या वेळी उंबऱ्यात अडखळला, तर त्याला मूढ म्हणण्याचा अधिकार मला पोहोचत नाही.

समर्थांनी ज्या सावधपणाचा आग्रह धरला, तो मला येथे अगदी साध्या रूपात दिसतो. सकाळी साडेआठ वाजता पर्जन्यमापकातले पाणी मोजपात्रात ओतायचे, पात्र डोळ्यांच्या पातळीला धरायचे, आणि दिसेल तोच आकडा वहीत मांडायचा. चुकलेल्या दिवसाचा रकाना जो अंदाजाने भरतो तो बहुधा सरासरीजवळचाच आकडा लिहितो, आणि त्या एका आकड्याखाली कदाचित पालटाची पहिली खूण पुरली जाते. ओढ्याचे पाणी एकाएकी गढूळ किंवा कमी झाले, घराच्या जोत्याला भेग पडली, बांधावरचा आंबा कलला, या खुणा मात्र कचेरीच्या आधी गुराख्याच्या किंवा पाण्याला जाणाऱ्या बाईच्या नजरेस पडतात. त्यांच्या सांगण्याला त्याच वहीत, पावसाच्या आकड्याशेजारी, एक रकाना असावा असे मला मनापासून वाटते.