आतला आवाज

हल्ली ज्याला त्याला आतला आवाज ऐकू येतो. पूर्वी असं नव्हतं. आमच्या लहानपणी आतला आवाज म्हणजे माजघरातून येणारा आवाज, आणि तो बहुधा आईचा असे. "दळण आणलंस का रे?" एवढाच त्याचा आशय. त्या आवाजाविरुद्ध वागायची सोय नव्हती, आणि तो ऐकला म्हणून कुणी आपल्याला थोर म्हणण्याचीही शक्यता नव्हती.

मनाच्या आतला आवाज ही थोरामोठ्यांची मिरास. १९३३ साली येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींना तो ऐकू आला आणि त्यांनी २१ दिवसांचा उपास केला. म्हणजे आवाज ज्यांच्या आत उठला, पोटही त्यांचंच उपाशी राहिलं. हिशेब चोख. पुढे १९६९ साली, मी तेव्हा पाचवीत होतो, राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत इंदिराबाईंनी काँग्रेसच्या मंडळींना सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्यायला सांगितलं. पक्षाचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी पडले, गिरी निवडून आले. आमचे वडील पेपर खाली ठेवत म्हणाले, "इतक्या जणांना एकदम ऐकू आला म्हणजे लाउडस्पीकर बाहेर असला पाहिजे."

आता मात्र ही सोय घरोघर झाली आहे. नळासारखी. फरक इतकाच, की नळ ठरावीक वेळी येतो आणि आतला आवाज नेमका पगारवाढीच्या यादीत आपलं नाव नसतं त्या दिवशी येतो.

माझ्या भाच्याला तो आला. वय ३१, हिंजवडीत संगणकाची नोकरी, वाकडला कर्ज काढून घेतलेलं घर. त्यानं जाहीर केलं, की मी नोकरी सोडणार आणि मिरजेला जाऊन तंबोरे करायला शिकणार. कारण काय, तर त्याच्या आजीचा जुना तंबोरा दुरुस्तीला म्हणून तो मिरजेला घेऊन गेला, दुकानाच्या पायरीवर दोन तास बसला, आणि त्या दोन तासांत आतून कुणीतरी म्हणालं, 'हेच.' एवढंच. 'हेच' म्हणजे नेमकं काय, त्यात भागेल का, गाडीचं काय करायचं, याबद्दल आवाज काही बोलला नाही. आतल्या आवाजाची बोलणी नेहमी तारेच्या मजकुरासारखी, शब्दागणिक पैसे पडतात अशी तोकडी असतात.

बहिणीचा फोन आला. "दादा, तू त्याला समजाव. तुझं ऐकतो तो."

माझं कुणीही ऐकत नाही हे बहिणीला ठाऊक आहे, पण संकटाच्या वेळी मोठ्या भावाबद्दल असं बोलायची पद्धत आहे. हिला म्हटलं, "मी काय समजावणार? मला जन्मात आतला आवाज ऐकू आला नाही." ही म्हणाली, "तुम्हाला बाहेरचा तरी कुठे येतो?"

तर ह्या गोष्टीला मराठीत नावं किती आहेत पाहा. दुसऱ्याला असतो तो नाद. शेजाऱ्याच्या डोक्यात असतं ते खूळ. पोराबाळांना लागतं ते वेड. आपल्याला असतो तो छंद. तोच पुढे यशस्वी झाला, पेपरात फोटो आला, की त्याचा ध्यास होतो, आणि गृहस्थ वारला की साधना. भाचा सध्या 'खूळ' ह्या पायरीवर होता आणि थेट 'ध्यास' म्हणून बोलत होता. इंग्रजीत म्हणे ह्या सगळ्याला एकच शब्द आहे, पॅशन. त्यामुळे त्या लोकांना आपण नक्की कुठल्या पायरीवर आहोत ते कळत नसावं.

आतल्या आवाजाला आपल्याकडे आधार मोठा आहे. 'शाकुंतला'च्या पहिल्या अंकात दुष्यंताला शकुंतला आवडते, आणि ही आश्रमातली मुलगी आपल्यासारख्या क्षत्रियाला चालेल का, अशी शंका येते. तेव्हा तो म्हणतो, माझं मन तिच्याकडे ओढ घेतं आहे, तेव्हा चालत असलीच पाहिजे. सज्जनाच्या शंकेला त्याचं अंतःकरणच प्रमाण. पुढे ती विश्वामित्राची मुलगी निघते, म्हणजे आवाज बरोबर होता. पण मला नेहमी वाटतं, मुलगी आवडल्यानंतर अंतःकरणाला विचारणं म्हणजे पेढा तोंडात टाकून मधुमेहाच्या डॉक्टरला फोन करणं. खरी परीक्षा पाचव्या अंकात. तीच शकुंतला दरबारात येऊन उभी राहते, आणि हेच प्रमाणभूत अंतःकरण काही केल्या साक्ष देत नाही. महाराज पुरावा मागतात. अंगठी नदीत पडलेली. झालं, कागदपत्रांअभावी दावा नामंजूर! दुर्वासांचा शाप वगैरे ठीक आहे, पण आमच्या विमा कचेरीत हे रोज घडायचं, आणि तिथे शाप द्यायला कुणी ऋषी नव्हता.

हो, मी विमा कचेरीत होतो. सदतीस वर्षं. कुठल्याही लहान मुलानं 'मोठेपणी मी विम्याच्या दाव्यांची छाननी करणार' असं कधी म्हटल्याचं ऐकिवात नाही. मीही म्हटलं नव्हतं. जाहिरात आली, परीक्षा दिली, लागलो.

भाच्याला बोलावलं. तो तयारीनंच आला होता. म्हणाला, "मामा, दादासाहेब फाळक्यांना लोकांनी असंच वेड्यात काढलं असतं तर?"

ह्या जातीच्या वादात फाळके येतातच. लग्नात वरमाय यावी तसे येतात. पण त्यांचं चरित्र मी विमा कचेरीतला माणूस म्हणून वाचलेलं असल्यानं माझी नजर भलतीकडेच जाते. गिरगावात ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा मूकपट पाहिला आणि आपल्या देवांचे असे पट काढावेत हे त्यांच्या मनानं घेतलं, हे खरं. पण तेव्हा त्यांचं वय चाळिशीचं. त्याआधी १८८५ पासून जे. जे. स्कूल, मग बडोद्याचं कलाभवन, गोध्र्याला फोटोचा धंदा, पुरातत्त्व खात्यात नकाशे काढायची नोकरी, रविवर्म्यांच्या छापखान्याचं काम, स्वतःचा छापखाना, मधूनमधून जादूचे प्रयोग. चित्र, फोटो, रसायन, यंत्र, हातचलाखी. सिनेमाला लागतं ते सगळं पंचवीस वर्षं हा माणूस वेगवेगळ्या दुकानांतून गोळा करत होता. पडद्यावर ख्रिस्त हलला तेव्हा आतून जो आवाज आला, तो आकाशवाणीचा नव्हता. पंचवीस वर्षांचा माल एकदम बोलला. शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या इसमानंही तोच ख्रिस्त पाहिला असेल. तो घरी जाऊन जेवला.

आणि दुसरं. फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली. ते वाक्य आलं की माझ्या पोटात अजून खड्डा पडतो. पॉलिसीवर कर्ज काढायला येणारी माणसं मी आयुष्यभर पाहिली. कुणी न विचारताच काउंटरवर सांगायची, मुलीचं लग्न आहे, घराचं छप्पर काढलंय, बायको दवाखान्यात आहे. पॉलिसी नवऱ्याची असते, पण तो गेल्यावर ती कुणाची, हे त्या कागदावर लिहिलेलं असतं. फाळक्यांच्या घरी सरस्वतीबाई होत्या. त्यांचे दागिने गेले. १९१२ साली नवरा लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन आला, तेव्हा कच्च्या फिल्मला कडेनं भोकं पाडायचं काम अंधारात बसून ह्या बाईंनी केलं. नाटकमंडळीसारखा तो कबिला, त्याचा स्वयंपाक ह्यांच्याकडे. ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' कॉरोनेशनमध्ये लागला. पडद्यावरची तारामतीही अण्णा साळुंके नावाचे एक पुरुष, आधी हॉटेलात स्वयंपाकी होते. खरी तारामती चुलीपाशी होती. सत्य नवऱ्याचं आणि लिलाव बायकोचा, हे हरिश्चंद्राच्या गोष्टीतही तसंच आहे म्हणा.

त्याच १९६९ साली, आतल्या आवाजाचं पीक आलं होतं त्या वर्षी, सरकारनं फाळक्यांच्या नावे पुरस्कार सुरू केला. योग्यच केलं. स्वतः फाळके १९४४ साली नाशकात ओढगस्तीतच गेले.

"म्हणजे तू नाही म्हणतोयस," भाचा म्हणाला.

"मी फक्त विचारतोय. फाळके बुडाले असते तर तू त्यांचं नाव घेतलं असतंस का?"

कारण आमच्या धंद्याचा हा पहिला धडा. विम्याचा हप्ता ठरवायचा तर जिवंतही मोजायचे आणि मेलेलेही. दोघांचं मिळून मॉर्टॅलिटी टेबल होतं. आतल्या आवाजाच्या लोकांनी फक्त वाचलेले मोजले आहेत. जे बुडाले त्यांची चरित्रं कोण लिहिणार, आणि पॉलिसी तर आधीच गहाण.

तरी भाचा बधेना. म्हणून मीच म्हटलं, चल, मिरज तरी पाहू.

मिरजेचं मला कौतुक आहे. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. अर्धी गल्ली भोपळ्यांनी भरलेली. भाच्याचे ते कारागीर साठीच्या पुढचे, मांडीवर तंबोरा घेऊन जवारी लावत बसले होते. जवारी म्हणजे काय ते मला तिथे कळलं. तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा माथा सपाट नसतो, केसभर उतरता घासलेला असतो. त्या उतारावर तार अर्धवट टेकत, अर्धवट सुटत थरथरते, आणि म्हणून तंबोरा नुसता वाजत नाही, घुमतो. तारेखाली दोरा सरकवून ती जागा पकडायची. पण घोडी किती घासायची ह्याला माप नाही. घासायचं, तार छेडायची, ऐकायचं. जरा जास्त घासलं की गेलं काम. तासभर आम्ही गप्प बसलो होतो. म्हातारबुवा घासत, कान लावत, मान हलवत, पुन्हा घासत. एकदा मान हलली नाही. थांबले. मला आधीच्या आणि ह्या आवाजात काडीचा फरक कळला नाही. भाचा म्हणाला, त्याला थोडासा कळला. खरं-खोटं त्याला ठाऊक.

मी विचारलं, "कसं समजतं?"

"आतून कळतंय."

"कधीपासून कळायला लागलं?"

ते हसले. "धा-बारा वर्सं झाल्यावर. तवर आतून कायबी येत न्हाई. नुसता बा वरडतोय, त्यो ऐकू येतोय."

मग ते सांगत बसले. ही मिरजेची मंडळी मूळची शिकलगार, तलवारींना धार लावणारी. तलवारीचे दिवस सरले, पोटाची पंचाईत झाली, आणि एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांच्या वेळेपासून हात वाद्यांकडे वळले. म्हणजे ज्या हातांची आज महाराष्ट्रभरचे गवई वाट पाहतात, त्यांना ह्या धंद्यात आणलं ते ध्यासानं नव्हे, मंदीनं. आवड मागाहून आली असणार, लग्नानंतर येते तशी. मला हे फार आवडलं. भाच्याला तितकंसं आवडलेलं दिसलं नाही.

म्हातारबुवांनी मला विचारलं, "तुमी काय करत हुता?"

"विम्यात होतो. दावे तपासायचो."

"मग खोटा दावा तुमाला हातात घेतल्याबरूबर कळत असंल."

मी हो म्हणालो, आणि मग गप्प झालो. कारण ते खरं होतं. फाईल उघडायच्या आधी कळायचं. कागदांच्या घड्या फार सारख्या असायच्या, किंवा रडणारा माणूस बरोबर झेरॉक्सच्या तीन प्रती घेऊन आलेला असायचा. तसंच उलटंही. सगळे कागद चुकीचे, तारखा जुळत नाहीत, साहेब नामंजूर करायला निघालेत, आणि मला आतून वाटायचं, ही बाई खरं बोलते आहे. मग मी चार दिवस खपून तिला तिची अंगठी शोधून द्यायचो. ज्या नोकरीवर माझं एक दिवसही प्रेम नव्हतं तिनं हे माझ्या आत कधी ठेवून दिलं, मला पत्ताही नाही. निवृत्तीला किती वर्षं झाली, आणि हे मला सांगायला मिरजेचा तंबोरेवाला लागला.

परतीच्या गाडीत भाच्याला एकच विचारलं. "सूनबाई काय म्हणते?"

"ती सपोर्टिव्ह आहे."

सपोर्टिव्ह! सरस्वतीबाईही होत्या. मी घरी न जाता त्याच्याकडेच उतरलो. सूनबाई एका औषध कंपनीत आहे, नुकतीच कामावरून आली होती. तिनं चहा टाकला. मी म्हटलं, "तुझा आतला आवाज काय म्हणतो ग?"

"माझा मी सायलेंटवर ठेवलाय, मामा. एका घरात दोघांचे एकदम वाजले तर हप्ता कोण भरणार?"

"पण आहे का?"

ती उठून आत गेली आणि एक वही घेऊन आली. पानंच्या पानं मोडीची. तीन वर्षं रविवारी वर्गाला जाऊन शिकलेली. पुण्याच्या पेशवे दप्तरात रुमालांत बांधलेले कागद पडून आहेत, वाचणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी, आणि तिला ते वाचायला जायचं आहे. नोकरी सांभाळून ते होत नाही, कचेरीची वेळ आणि दप्तराची वेळ एकच. भाच्याला वर्ग ठाऊक होता. बाकीचं त्यानंही तेव्हाच ऐकलं. तो चहाचा कप हातात धरून उभा राहिला, प्यायला नाही.

त्या रात्री साडेअकरापर्यंत आम्ही तिघं बसलो होतो. बहीण दोनदा फोन करून गेली, मी उचलला नाही. शेवटी सूनबाईनंच कागद घेतला. दोन वर्षं त्यानं मिरजेला शिकायचं, हप्ता तिच्या पगारातून. त्यानंतर दोन वर्षं त्यानं मिळेल ती नोकरी धरायची आणि हप्ता त्याचा; ती दप्तरात बसणार. मधे काही बिनसलं तर काय, ह्याची तीन कलमं मी घातली. तेवढं मला जमतं. दागिने आणि पॉलिसी ह्यांना हात लावायचा नाही, हे चौथं. भाच्यानं सही केली. तिनं केली ती मोडीत, हात न उचलता, एका ओढीत.

साक्षीदार म्हणून कागद माझ्यापुढे आला. वाचता येत नाही त्या सहीखाली मी सदतीस वर्षांत कधी साक्ष घातलेली नाही. तिला म्हटलं, "आधी वाचून दाखव." तिनं बोट ठेवून एकेक अक्षर वाचून दाखवलं. भाचाही वाकून पाहत होता.