मत गावाला, माणूस फडात

2024 च्या लोकसभा निवडणुकीत मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघात केवळ यंत्रांतली मतं पाहिली, तर अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मतांत मात्र त्यांना 1501 आणि रवींद्र वायकर यांना 1550 मतं मिळाली. वायकर 48 मतांनी निवडून आले. दोघांनीही साडेचार लाखांहून अधिक मतं घेतली होती, पण निकाल लागला तो पाकिटातून आलेल्या मतांवर. म्हणूनच हे पाकीट आपण कुणाकुणाच्या हाती देतो, हा नुसता कारकुनी प्रश्न उरत नाही.

सीमेवरचा जवान, निवडणुकीच्या कामावरचा कर्मचारी, प्रतिबंधात्मक कायद्याखाली स्थानबद्ध केलेला माणूस यांना टपालाने मत देता येतं. 85 वर्षांवरच्या वृद्धांना आणि किमान 40 टक्के अपंगत्व असलेल्यांना घरी बसून मत देण्याची सोय आहे. 2003 पासून सैन्यदलांतल्या मतदाराला आपल्या वतीने मत देणारा प्रतिनिधीही नेमता येतो. शाई त्या प्रतिनिधीच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाला लागते, कारण तर्जनी त्याच्या स्वतःच्या मतासाठी राखलेली असते.

या यादीत रोजगारासाठी गाव सोडलेला मजूर नाही. सरकारने दूर पाठवलेल्या माणसाच्या मागोमाग त्याचं मत जातं. पोटाने दूर पाठवलेल्याने मात्र मताच्या मागे यायचं.

दिवाळी झाली की बीड, जालना, पाथर्डी भागातली ऊसतोड कुटुंबं मुकादमाची उचल अंगावर घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या वाटेला लागतात. 2024 चं विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबरला, म्हणजे हंगामाच्या तोंडावरच होतं. अशा वेळी मतासाठी गावी यायचं, तर जाण्यायेण्याचं भाडं खिशातून जातं आणि नवरा-बायकोची मजुरी बुडते.

कायद्याने त्यांचं नाव खोडलेलं नाही. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार तात्पुरतं बाहेर गेल्याने माणसाचं सर्वसाधारण वास्तव्य संपत नाही. हे योग्यच आहे. कुणी म्हणेल, नमुना 8 भरून नाव नव्या पत्त्यावर न्यावं. पुण्यात भाड्याने कायमचा राहायला आलेल्याला ते जमेल. फडाशेजारच्या कोपीचा पत्ता किती दिवस टिकणार? शिवाय नाव हललं की गावच्या ग्रामपंचायतीतला आवाजही गेला.

मग मजुरालाही पाकीट द्यावं, की प्रतिनिधी? मताकडून आपण तीन गोष्टी मागतो: ते स्वतःच्या हाताने दिलेलं असावं, गुप्त असावं आणि देणाऱ्याच्या आवाक्यात असावं. प्रतिनिधीमार्फत दिलेल्या मतात पहिली गोष्ट सुटते आणि दुसरीही. टपालात दुसरी डळमळते, कारण पाकीट उघडताना शेजारी कोण बसलंय हे कुणी पाहत नाही. जवानाचा प्रतिनिधी बहुधा घरचा असेल. पण ज्याच्या डोक्यावर उचल आहे, त्याचा प्रतिनिधी मुकादमच ठरवेल. टपालाची पाकिटं गोळा करून नेणाराही तोच निघेल. कर्ज आणि मत एकाच माणसाच्या खिशात जाऊ देणारी सोय नसलेलीच बरी.

राहतो तिसरा मार्ग: केंद्रच माणसाजवळ नेण्याचा. तो आपल्या देशात नवा नाही. काश्मीर खोऱ्यातून विस्थापित झालेल्या मतदारांसाठी जम्मू, उधमपूर आणि दिल्लीत विशेष मतदान केंद्रं उघडली जातात आणि तिथून ते आपल्या मूळ मतदारसंघाचं मत देतात. निवडणूक आयोगाने जानेवारी 2023 मध्ये 72 मतदारसंघांची मतं एका ठिकाणी घेऊ शकणारं यंत्र पक्षांपुढे मांडलं. त्यावर पक्षांनी शंका काढल्या: स्थलांतरित कुणाला म्हणायचं, परराज्यात मतदान प्रतिनिधी कुठून आणायचे, जिथे निवडणूकच नाही तिथे आचारसंहिता कशी लावायची? शंका रास्त होत्या.

पण राज्यातल्या राज्यात जाणाऱ्या ऊसतोड कामगाराच्या बाबतीत त्यातली एकेक गळून पडते. विधानसभेच्या वेळी आचारसंहिता राज्यभर असते. पक्षांचे कार्यकर्ते दोन्हीकडे असतात. कोणत्या कारखान्याकडे कोणत्या टोळ्या आल्या, हे कारखान्याला माहीत असतं. त्यांच्या कल्याणासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं महामंडळही आहे. गाळप कधी सुरू व्हायचं, ते तर सरकारच ठरवतं. कर्नाटकात गेलेल्यांचा प्रश्न अवघड आहे, तो मागाहून सोडवता येईल. अवघडाचं निमित्त करून सोपं काम अडवू नये.

केंद्र कारखान्याच्या आवारात नको, जवळच्या जिल्हा परिषद शाळेत असावं. त्या दिवशी तोड बंद आणि मजुरी चालू राहावी. एवढं केल्यावरही कुणी मत दिलं नाही, तर त्याला खुशाल उदासीन म्हणावं. तोवर घसरलेल्या टक्केवारीचा जाब मतदाराला विचारण्याचा अधिकार व्यवस्थेला नाही.