सांगून बिघडणारे, न सांगता तुटणारे

सेसना १७२ या छोट्या विमानावर जगभरातले असंख्य वैमानिक उडायला शिकले. त्यात बसणाऱ्या लायकॉमिंग इंजिनाला कंपनीने साधारण २,००० तास किंवा १२ वर्षे ही मर्यादा सुचवलेली असते. मग ते पूर्ण खोलून ओव्हरहॉल करायचे. पण त्याआधीच एखादा सिलिंडर कमजोर झाला तर? दुरुस्त करायचा की नवा घालायचा? प्रश्न पैशाचा वाटतो. खरे तर तो पारख करण्याचा आहे.

जाणता मेकॅनिक आधी ऐकतो. सिलिंडरमध्ये ८० पीएसआय दाबाने हवा सोडायची आणि त्यातला किती दाब टिकतो ते पाहायचे. दाब फार घसरला तर फुसफुस कुठून येते तिकडे कान द्यायचा. एक्झॉस्टच्या नळीतून आली तर दोष एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा. तेल भरण्याच्या तोंडाशी आली तर पिस्टनच्या रिंगांचा. मग बोअरस्कोप हा बारीक कॅमेरा आत घालून डोळ्यांनी खात्री करायची. व्हॉल्व्हवर नुसता थर साचला असेल तर व्हॉल्व्ह घासून पुन्हा नीट बसवता येतो. कड जळली असेल तर मात्र तो बदलावाच लागतो.

न पाहता बदलण्यातही धोका आहे. दुसऱ्या महायुद्धात सी. एच. वॉडिंग्टन या जीवशास्त्रज्ञाने ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमधल्या विमानांच्या नोंदी तपासल्या. दर ५० तासांनी होणाऱ्या तपासणीनंतर लगेचच बिघाड वाढत असल्याचे त्यात दिसले. चांगले चाललेले उगाच उघडल्याने नवे दोष शिरत होते. काळजीपोटी घातलेला हातसुद्धा कधी कधी नुकसान करतो.

पण प्रत्येक भाग असा बोलका नसतो. पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचे बोल्ट पाहा. ते गळत नाहीत, कुरकुरत नाहीत. तुटतात तेव्हाच कळते, आणि तोवर इंजिन हातचे गेलेले असते. म्हणून ओव्हरहॉलच्या वेळी ते कितीही धडधाकट दिसले तरी नवेच घालतात. क्रँकशाफ्ट झिजला तर ठरलेल्या मापापर्यंत घासून पुन्हा वापरता येतो. त्यात तडा सापडला तर तो भंगारातच जातो. तिथे महाग होता, इतकी वर्षे चालला, ही सबब चालत नाही.

जुने झाले म्हणून टाकणे आणि चालतेय म्हणून ठेवणे, दोन्हींत पाहण्याचा कंटाळा सारखाच आहे. घरातली वायरिंग असो, गावची संस्था असो की आपले शरीर, निर्णयाआधी तीन प्रश्न विचारावेत. मी हे नीट तपासले आहे का? बिघडण्याआधी ते मला सांगेल का? न सांगता बिघडले तर कोणाच्या जिवावर बेतेल? जे सांगून बिघडते त्याला दुरुस्तीची संधी द्या. जे न सांगता तुटते आणि सोबत माणसे नेते, ते वेळेआधी बदला. तिथे काटकसर करू नका.